पायातलं लोखंड

“रक्त घेणार, पळायला लावणार, का नुसतेच फोटो?”

जीपसमोर आडवा उभा राहिलेला माणूस माझ्याच वयाचा होता. खांद्यावर कुऱ्हाड, अंगात कुठल्याशा कॉलेजच्या क्रीडास्पर्धेचा विटलेला टी-शर्ट. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी तो हलला नाही.

“मागच्या खेपेला आलेल्यांनी थुंकी नेली,” तो म्हणाला. “म्हाताऱ्या माणसांनासुद्धा कुपीत थुंकायला लावलं. त्याच्या आधीचे पोरांच्या पोटऱ्या मोजून गेले. तुमचं काय?”

“आमचं यातलं काही नाही,” मी खाली उतरत म्हटलं. “कडं बघायला आलोय. बुधवंतांनी बोलावलंय.”

“बोलावलेलं नाही. येऊ दिलंय.”

आणि तो बाजूला झाला. हा परशुराम सिद्दी. पुढचे चार तास तो माझ्याशी याच आवाजात बोलला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बेळगावजवळच्या देसूरची, रसायनशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली आणि नोकरीच्या शोधात. पोर्तुगालमधल्या एका बंदराच्या गावी, तिथल्या संग्रहालयात गुलामांच्या व्यापारावर नवं दालन उभं राहत होतं. त्यासाठी इनेश नावाची बाई आली होती. जुन्या वस्तू टिकवून ठेवणं हे तिचं काम. धातूची चाचणी करील आणि तिच्या इंग्रजीचं मराठी करील असं एकच माणूस तिला हवं होतं. ती मी.

हळियाळच्या पुढं, रानात शिरल्यावर जांभेगाळी लागते. सगळी वस्ती सिद्द्यांची. पोर्तुगिजांनी यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात घालून गोव्यात आणलं, विकलं, राबवलं. ज्यांना पळता आलं ते घाट चढून या रानात लपले आणि इथलेच झाले. वाडीत एका दारावर क्रूस होता, शेजारच्या अंगणात तुळस, पलीकडे हिरवा झेंडा. पण आफ्रिकेतून आलेल्या थोरल्यांची जागा सगळ्यांची मिळून एकच होती. एका ऐनाच्या झाडाखाली दगडी ओटा, त्यावर नारळ. तिथंच ते कडं होतं.

शंभरेक वर्षांपूर्वी एका पाद्र्यानं त्याचा फोटो काढला होता. गोव्यात गुलाम म्हणून राबणाऱ्या बाईच्या पायातली ती बेडी, असं त्या पाद्र्यानं नोंदवून ठेवलं होतं. फोटोची प्रत इनेशच्या बॅगेत होती आणि प्रवासभर ती काढून बघत होती.

मिंगेल बुधवंत ओसरीवर बसले होते. बुधवंत म्हणजे वाडीचा प्रमुख. साठीचा, रुंद हाडाचा माणूस. त्यांच्या शेजारी हुसेनबी नावाची फार म्हातारी बाई पान कुटत होती आणि खांबाला टेकून एक गरोदर बाई वाल सोलत होती. ती परशुरामची बायको, रोजा. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. आम्ही अंगणातच उभ्या राहिलो.

“हिला विचार,” मिंगेल मला म्हणाले, “तिकडं नेऊन करणार काय?”

इनेशनं सावकाश उत्तर दिलं. “आमच्या लोकांनी काय केलं ते आमच्या मुलांना दिसायला हवं. लपवालपवी पुष्कळ झाली. पाच वर्षांसाठी द्या. मी स्वतः परत आणून देईन.”

“म्हणजे लाज तुमची आणि सामान आमचं,” परशुराम म्हणाला. “तुमच्या घरात काही शिल्लक नाही?”

मी हे जरा मऊ करून सांगितलं. इनेश माझ्याकडे बघत राहिली. “तो एवढंच बोलला नाही,” ती म्हणाली. “सगळं सांग.”

मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा तांबडा झाला.

“शिल्लक नाही,” ती म्हणाली. “नकाशे आहेत, चांदीची भांडी आहेत. बेडी एकही नाही. वितळवून टाकल्या.”

“शहाणी माणसं,” मिंगेल म्हणाले.

हुसेनबीनं कुटणं थांबवलं. “काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे. पेटीत ते कमी होतं का गे पोरी?”

प्रश्न माझ्या विषयातला होता, म्हणून मी उत्साहानं पुढं झाले. “अजिबात नाही, आजी. पेटीतली हवा कोरडी ठेवतात. गंज धरणार नाही. पाचशे वर्षं आहे तसं राहील.”

हुसेनबी मिंगेलकडे वळली. “ऐकलंस?”

“ऐकलं,” मिंगेल उठले. “नेता येणार नाही. बघून जा. उद्या दसरा, आमची वर्षाची पूजा आहे. त्याच्या आत तुम्ही इथून गेलेल्या बऱ्या. आणि हात लावायचा तर या पोरीनं लावायचा. फिरंगिणीनं नाही.”

ऐनाखालच्या ओट्याशेजारी एक चपटा काळा दगड होता. मधे खोलगट, पाट्यासारखा झिजलेला. मिंगेलनी फडक्यातून कडं काढून त्या दगडावर ठेवलं. मी गुडघे टेकून बसले. इनेश माझ्या मागं, दोन हातांवर.

ते पुरतं गोल नव्हतं. एका बाजूला तोंड उघडं होतं, जिथं कधीकाळी खिळा ठोकून ते पायात बंद केलेलं असणार. खिळा नव्हता. दोन्ही टोकं वाकवून फाकवलेली होती. टोकांकडे ते पेन्सिलीइतकं जाड होतं आणि तिथून मध्याकडे बारीक होत होत, बरोबर मधे, गवताच्या काडीएवढं उरलं होतं.

इनेशनं फोटो काढून कड्याशेजारी धरला. फोटोतलं कडं बोटाएवढं जाड होतं.

“हे ते नव्हे,” ती म्हणाली. “विकलं असेल त्यांनी. हे कुठलं तरी दुसरं आहे. विचार त्यांना.”

“काय म्हणते?” परशुरामनं विचारलं.

मी सांगितलं. आता मऊ करून सांगायचं सोडून दिलं होतं.

“चोरांना सगळे चोरच दिसायचे,” तो म्हणाला.

मी पिशवीतून यंत्र काढलं. धातूवर क्षकिरण सोडून त्यात काय काय आहे ते सांगणारं यंत्र, दिसायला थेट पिस्तुलासारखं. मी ते कड्यावर रोखलं आणि परशुरामनं कुऱ्हाड खांद्यावरून हातात घेतली.

“बंदूक नाही ती,” मी म्हटलं.

“तुमची कुठलीच गोष्ट बंदूक नसते.”

यंत्रानं आकडे दाखवले. आजच्या पोलादात सहसा मँगनीज सापडतंच. इथं ते जवळपास नव्हतं. कोळशाच्या भट्टीत काढून ठोकलेलं जुनं लोखंड होतं ते. “हे जुनंच आहे,” मी इनेशला सांगितलं. “तेच असणार. झिजलंय फक्त.”

“गंजानं?”

मी भिंग लावून बघितलं. गंज लोखंड खातो तेव्हा वेडंवाकडं खातो, खड्डे पाडतो. इथं खड्डा नव्हता. पृष्ठभाग सपाट, करडा आणि त्यावर बारीक बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. मी त्या खोलगट दगडाकडे बघितलं.

“हे कुणी घासतं का?” मी विचारलं.

“पोरगी हुशार आहे,” हुसेनबी म्हणाली. पण तिनं ते कौतुकानं म्हटलेलं नव्हतं.

इनेशला मी ओरखड्यांचं सांगितलं, तर ती हळहळली. “पूजेसाठी चकाकवत असतील. त्यांना कळत नाही त्यानं काय होतं. आणखी एक-दोन वर्षं, आणि हे तुटेल. समजतंय ना तुला? जगात असं दुसरं नाही.”

यंत्राची बॅटरी उतरत आली होती, म्हणून मी ते जीपमध्ये ठेवायला गेले. मिंगेल आणि हुसेनबी ओसरीकडे वळले होते. परशुराम माझ्या पाठोपाठ जीपपर्यंत आला, यंत्र बंद केलं की नाही ते बघायला. आम्ही परतलो तेव्हा इनेश दगडापाशी गुडघे टेकून बसली होती. एका हातात लहानशी बाटली, दुसऱ्या हातात मऊ ब्रश. कडं ओलं चमकत होतं.

परशुरामनं तिचा हात धरून ओढला. बाटली गवतात पडली. त्याचा आवाज ऐकून घराघरांतून माणसं बाहेर आली. बायकांच्या हातांचं पीठही धुतलेलं नव्हतं.

“काय लावलंस? विचार तिला, काय लावलं?”

“मेणासारखा लेप आहे,” इनेश हात चोळत म्हणाली. “हवा लागू नये म्हणून. झीज थांबते त्यानं. पुसून वापरलं तरी टिकतो. मी नेत नाहीये काही, नुसतं वाचवतेय. रक्त वाहणारं माणूस समोर असलं तर डॉक्टर परवानगी मागत बसतो का?”

मी शब्दाला शब्द सांगितलं. ‘झीज थांबते’ यापाशी जमावातून आवाज उठला. एका बाईनं माझ्या तोंडासमोर बोट नाचवून तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

मिंगेल धावत आले, वाकले, कडं बघून पुन्हा सरळ झाले. “अंगरखा घातला,” ते म्हणाले. “बेडीला अंगरखा घातला हिनं.”

“लेप निघेल,” मी म्हटलं. “माझ्याकडं स्पिरिट आहे...”

“बाटलीतलं आता काही नको.” हुसेनबी काठी टेकत पोचली होती. जमाव तिला वाट देत मागं सरला. ती ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, “तू सांगणार तिला सगळं, नव्हं? मग नीट ऐक. जिच्या पायात हे होतं, ती हे घालूनच घाट चढून आली. या दगडावर पाय ठेवून तिनं खिळा घासला. रोज घासला. खिळा गेला तेव्हा कडं फाकवून पाय बाहेर काढला. लोक म्हणाले, झालीस मोकळी. ती म्हणाली, मी नुसतं पायातून काढलंय. हे जगात आहे तोवर कुणाच्याही पायात बसेल. बाकीचं तुम्ही काढा.”

ती थांबून खोकली. मी तेवढं इनेशला सांगितलं.

“तेव्हापासनं दसऱ्याला प्रत्येक घर येतं, ओली वाळू घेतं आणि घासतं. क्रूसवालं, तुळसवालं, सगळी घरं. आणि तिचं नाव आम्ही घेत नाही. लोखंडाखालचं नाव पोरीला ठेवायचं नसतं. एकीनं दुसरीच्या कानात सांगायचं आणि जपायचं. कडं मोडेल त्या दिवशी मोठ्यानं म्हणायचं. आता ते माझ्याकडं आहे.”

रोजा एका हातानं पोट सावरत पुढं येऊन उभी होती. परशुराम तिच्याकडे न बघता म्हणाला, “उद्या मोडणार होतं. बुधवंतांनी गेल्या वर्षीच सांगितलं, पुढच्या दसऱ्याला जाणार. आम्हाला पोरगी झाली तर तिला ते नाव मिळणार होतं. आता हिनं त्याला टिकाऊ करून ठेवलंय.”

मी इनेशला हे सांगत असताना तिनं ब्रश गवतावर ठेवला. “मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“माहीत नसताना हात कशाला लावला?” मिंगेलनी विचारलं.

“जिनं लावलं तिनं काढायचं,” हुसेनबी म्हणाली. “वाळूनं. इथं.”

एका बाईनं करवंटीत वाळू आणली, दुसरीनं पाणी. इनेश दगडापाशी बसली. तिच्या हातांना बारीक कामाची सवय होती, पण घासायची नव्हती. पहिल्यांदा तिचीच बोटं सोलवटली. वाडी तिच्याभोवती उभी राहून बघत होती. लेपाची पांढरट साय निघू लागली. ती टोकांकडून मध्याकडे आली. मला वाटतं तिनं मधे जोर कमी केला असावा, पण रडताना माणसाला जोराचा अंदाज राहत नाही.

कट्, असा बारीक आवाज झाला.

तिच्या दोन हातांत दोन तुकडे होते.

मग रोजा म्हणाली, “आमचं होतं ते.” एवढंच म्हणाली आणि मागं फिरून घराकडे चालू लागली.

मिंगेल ओट्यावर बसले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “घातली यांनी. तोडली यांनीच. मधल्या आमच्या पिढ्या काय, हमाल? उद्या हिच्या गावात सांगतील, आमच्या बाईनं जाऊन सोडवलं.”

परशुराम कुऱ्हाडीशी चाळा करत होता. ड्रायव्हरनं लांबून जीप चालू केल्याचा आवाज आला. मी इनेशच्या हातांतले तुकडे काढून घेतले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी धीर वगैरे काही आला नव्हता. तुटलेली वस्तू दिसली की तिचा काप, म्हणजे तुटलेली बाजू, बघायचा, ही प्रयोगशाळेची सवय. मी भिंग लावलं.

“आता काय बघतेस?” परशुराम म्हणाला. “मोजून ने आता.”

“तू बघ,” मी म्हटलं. “मी काय सांगते त्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः बघ.”

त्यानं भिंग हिसकावून घेतलं.

“कापाचा मोठा भाग कसा दिसतो?”

“काळा. मातकट.”

“आणि कडेला?”

तो बराच वेळ बघत राहिला. “कडेला चकाकतंय. थोडंसं.”

“लोखंड तुटलं की आतली बाजू चकाकते. हवा-पाणी लागलं की काळी पडते. त्याला दिवस लागतात, एवढी काळी व्हायला वर्षं. ही चीर आत्ताची नाही. आधीच बहुतेक तुटलं होतं ते. आत शिरलेला काळेपणा जुना आहे. आज तुटलं ते फक्त चकाकतंय तेवढं.”

“तिला वाचवायला म्हणून सांगतेस,” तो म्हणाला. पण भिंग त्यानं मिंगेलकडे दिलं. मिंगेलनी बघितलं. मग ती पीठभरल्या हातांची बाई पुढं झाली, मग तिच्यामागची. भिंग हातोहात फिरलं.

हुसेनबीला भिंगातून दिसण्यासारखं नव्हतं. तिनं मलाच विचारलं. “चकाकतंय ते हिचं?”

“हो.”

“केवढं आहे?”

“तांदळाच्या कणीएवढं.”

“आणि काळं कुणाचं?”

“ते लोखंड सांगत नाही, आजी. कधीतरी आधी घासताना गेलेलं. इथल्याच कुणाच्या तरी हातानं.”

हुसेनबीनं हात पुढं केला. मी दोन्ही तुकडे तिच्या तळव्यावर ठेवले. ती ओट्यावरून उतरून दगडापाशी बसली. परशुराम धरायला गेला, तर तिनं त्याला कोपरानं दूर केलं.

“एवढंही हिचं नको,” ती म्हणाली.

तिनं तुटलेलं टोक दगडावर टेकवलं, वाळू घेतली आणि घासायला सुरुवात केली. तिचे हात मात्र सरावलेले होते. घासणं लांब, एकसारखं, बिनघाईचं. मधून मधून ती टोक माझ्यासमोर धरी. “आहे?” मी भिंगातून बघून सांगे, “आहे अजून.” मग दुसरा तुकडा. तिला दम लागला की सगळी वाडी तिच्यासाठी थांबे. दगडाच्या खळग्यात करडं पाणी साठत गेलं. शेवटी काप पुरता गेला आणि दोन्ही टोकांवर फक्त दगडाचे ओरखडे उरले.

“तिचं काही नाही आता,” मी म्हटलं.

हुसेनबीनं ते करडं पाणी तळव्यानं निपटून करवंटीत काढलं आणि करवंटी इनेशसमोर धरली.

“हे तुमचं. तुमचं तुम्ही घेऊन जा. पेटीत ठेवा.”

मी भाषांतर केलं. इनेशनं करवंटी दोन्ही हातांनी घेतली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ती मिंगेलना म्हणाली की ती माफी मागते.

“जिच्या पायात होतं तिच्याकडं माग,” मिंगेल म्हणाले. “मी कोण? आता जा. पुढचं तुमच्यासाठी नाही.”

“मीसुद्धा?” मी विचारलं. मला ते नाव ऐकायचं होतं. अजून सांगते, फार ऐकायचं होतं.

परशुरामनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं जीपकडे खूण केली. “भिंग राहिलं तुझं,” तो म्हणाला आणि माझ्या हातात ठेवलं.

आम्ही जीपपर्यंत पोचलो तेव्हा मागं ढोल सुरू झाला. दम्माम म्हणतात ते त्याला. त्याच्या आवाजात कुणाचा शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. मी वळून बघितलं. एवढंच दिसलं, की रोजा घरातून परत ओट्याकडे चालली होती, लगबगीनं, आणि लोक तिला वाट करून देत होते. जीपमध्ये इनेश करवंटी मांडीवर घेऊन, एक हात वर झाकणासारखा ठेवून बसली होती. बेळगाव येईपर्यंत तिनं तो हात काढला नाही.

तिच्या दालनाचे फोटो पुढं मला आले. एका पेटीत काचेची कुपी आहे आणि कुपीच्या तळाशी चिमूटभर करडा गाळ. लोक त्यापुढं फार थांबत नाहीत, असं तिनं लिहिलं होतं.

सात वर्षांनी कामासाठी दांडेलीला जाताना हळियाळच्या स्टँडवर गाडी बदलावी लागली. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी गर्दी होती. मागून आवाज आला.

“ए न्येली, चप्पल घाल आधी. पाय भाजतील.”

मी वळले. एक काळीभोर, काटकुळी मुलगी अनवाणी बाकावरून उड्या मारत होती आणि परशुराम हातात दोन लहान चपला घेऊन तिच्यामागं धावत होता. त्यानं मला ओळखलं. हसला नाही, पण थांबला.

“यंत्र आणलंय का आज?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“बरं केलंस. ते दोन तुकडे घासतोय अजून. वेळ आहे त्याला.” मग मुलीला बखोटीला धरून त्यानं बाकावर बसवलं आणि तिच्या पायांत चपला सरकवू लागला.

“छान नाव आहे,” मी म्हटलं.

“छान कसलं? वाडीत आता पाच जणी आहेत. एकीला हाक मारली की पाचही धावत येतात.”